बोलणाऱ्या खेळण्याच्या पोटात : 'स्पीक अँड स्पेल'चे रिव्हर्स इंजिनिअरिंग

अभ्यासक्रमात आपण सर्किट नेहमी एकाच दिशेने शिकतो. आधी गरज, मग ब्लॉक डायग्राम, मग सर्किट, आणि शेवटी पीसीबी. नोकरीत गेल्यावर मात्र पुष्कळदा उलटे घडते. हातात एक बोर्ड येतो, ज्याने तो बनवला तो माणूस नसतो, कागदपत्रे हरवलेली असतात, आणि "हे चालते कसे ते सांगा" असे कोणीतरी म्हणते. बोर्डावरून विचाराकडे मागे जाण्याच्या या कामाला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. त्यासाठी वेगळा विषय शिकावा लागत नाही. तुम्ही शिकलेलेच विषय उलट्या क्रमाने वापरावे लागतात, आणि हे उलटे वापरणे सरावाशिवाय जमत नाही.

सरावासाठी मी जुनी इलेक्ट्रॉनिक खेळणी सुचवतो. त्यांच्यात चिप मोजक्याच असतात, बोर्ड एक किंवा दोन थरांचा असतो, ट्रॅक डोळ्यांना दिसतात, आणि खेळणे काय करते हे आपल्याला आधीच माहीत असते. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आतले काहीच ठाऊक नसले तरी बाहेरचे वर्तन पूर्ण ठाऊक असणे, ही या कामातली सर्वांत चांगली सुरुवात.

या टिपणात आपण एकच खेळणे घेऊ : टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीचे 'स्पीक अँड स्पेल'. ते १९७८ च्या जूनमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आले. ते मुलाला एक इंग्रजी शब्द बोलून दाखवते, मूल कळा दाबून स्पेलिंग करते, आणि बरोबर की चूक हेही ते बोलूनच सांगते. पॉल ब्रीडलव्ह, रिचर्ड विगिन्स, लॅरी ब्रँटिंगहॅम आणि जीन फ्रँट्झ या चौघांनी ते घडवले. १९७६ साली सुरू झालेल्या या कामाला सुरुवातीला २५,००० डॉलर एवढेच पैसे मिळाले होते. माणसाच्या आवाजाचे प्रतिरूप एकाच सिलिकॉन चिपवर बसवणारे हे पहिले व्यापारी उत्पादन. आयईईई या संस्थेने २००९ साली त्याला 'माइलस्टोन' म्हणून मान दिला.

आमच्याकडे आलेला नमुना विभागातल्या एका सहकारी मॅडमचा होता. त्यांच्या मावशींनी १९८० च्या सुमारास अमेरिकेहून तो आणला होता आणि मॅडम लहानपणी त्याच्यावर खेळल्या होत्या. "मुलांना दाखवा, पण मला परत हवा" एवढ्या एकाच अटीवर त्यांनी तो दिला. ही अट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

उघडण्याआधी

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी वही घ्या. खेळणे बंद असतानाच त्यातून किती माहिती मिळते ते पाहा. आमच्या नमुन्यात सी आकाराचे ४ सेल, म्हणजे ६ व्होल्ट. पुढच्या बाजूला हिरवट-निळा उजळणारा ८ अक्षरांचा पडदा. तो एलईडीचा नाही आणि एलसीडीचाही नाही. तो व्हॅक्युम फ्लुओरेसेंट डिस्प्ले, म्हणजे व्हीएफडी. व्हीएफडीला आत एक तापवलेली बारीक तार लागते आणि ६ व्होल्टपेक्षा पुष्कळ जास्त व्होल्टेज लागते. म्हणजे झाकण न उघडताच एक निष्कर्ष निघाला : आत कुठेतरी ६ व्होल्टचे जास्त व्होल्टेज करणारा कन्व्हर्टर असलाच पाहिजे, आणि त्याच्याजवळ बहुधा एक छोटा ट्रान्सफॉर्मर दिसेल. उघडल्यावर तो दिसलाच.

बॅटरीच्या कप्प्यात एक रिकामा कनेक्टर आहे. जादा शब्दांची कार्ट्रिज त्यात बसते. म्हणजे शब्द कुठल्यातरी सुट्या मेमरीत आहेत आणि तिला बाहेरून जोड देता येते. हाही निष्कर्ष फुकटच मिळाला.

जुन्या सेलमधून गळलेला पांढरा क्षार असेल तर तो आधी साफ करा. अल्कलाइन सेल असतील तर थोडे व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळेपर्यंत धीर. चाळीस वर्षे पडून असलेले खेळणे "चालते का बघू" म्हणून थेट सुरू करू नका. करंटवर मर्यादा घालता येईल असा बेंच सप्लाय प्रयोगशाळेत असतोच, तो वापरा.

चार चिप

आत चार मुख्य चिप आहेत. सर्वांत मोठीवर टीएमसी ०२७१, दुसरीवर टीएमसी ०२८१, आणि उरलेल्या दोन जुळ्या बहिणींसारख्या, टीएमसी ०३५१ आणि टीएमसी ०३५२. हे क्रमांक तेव्हाच्या बाजारातल्या डेटाशीटमध्ये सापडत नाहीत, कारण ते कंपनीचे घरगुती क्रमांक होते. पण चिपचे नाव कळले नाही तरी तिचे काम ट्रॅकवरून कळते. मल्टिमीटर बीपच्या मोडवर ठेवा आणि एकेक पाय शोधत जा.

कळफलकाच्या आणि पडद्याच्या बहुतेक तारा ०२७१ कडे जातात, तेव्हा तो कंट्रोलर. स्पीकरच्या दोन्ही तारा ०२८१ कडे येतात, तेव्हा ती आवाजाची चिप. जुळ्या चिपचे बहुतेक पाय एकमेकींना समांतर जोडलेले आहेत आणि त्या तारा कंट्रोलरकडे न जाता आवाजाच्या चिपकडे जातात. इथे थांबून विचार करा. समांतर जोडलेल्या दोन सारख्या चिप म्हणजे मेमरी. त्यांचा मालक कंट्रोलर नसून आवाजाची चिप आहे. आणि जोडणाऱ्या तारा जेमतेम सात-आठ आहेत. साध्या १६ किलोबाइटच्या रॉमला नुसत्या पत्त्यासाठी १४ तारा लागतील आणि डेटासाठी आणखी ८. एवढ्या तारा इथे नाहीतच. तेव्हा पत्ता तुकड्या-तुकड्याने जात असणार आणि डेटा एकेक बिटने येत असणार.

हे असे अनुमान काढणे हाच या कामाचा गाभा आहे. पुढे ते खरे ठरले. ती मेमरी १२८ किलोबिटची आहे आणि नंतर टीएमएस ६१०० या नावाने तिची माहिती प्रसिद्ध झाली. आवाजाच्या चिपची भावंडे टीएमएस ५१०० या नावाने विकली गेली. कंट्रोलर हा चार बिटांच्या टीएमएस १००० घराण्यातला.

आजची स्वस्त खेळणी उघडलीत तर तुम्हाला क्रमांक दिसणारच नाही. बोर्डावर काळ्या इपॉक्सीचा एक ठिपका असतो, त्याखाली उघडी चिप थेट बोर्डावर चिकटवलेली असते. नाउमेद होऊ नका. तिथेही ट्रॅकवरून स्पीकर, कळा, घड्याळ आणि सप्लाय ओळखता येतातच. फक्त नावाचा आधार मिळत नाही.

एका आकड्याने उलगडलेली चिप

ऑसिलोस्कोप लावल्यावर मेमरीकडे जाणाऱ्या एका तारेवर सतत चालणारे घड्याळ दिसले. वारंवारता १६० किलोहर्ट्झच्या आसपास. 'आसपास' म्हणायचे कारण असे की इथे क्रिस्टल नाही. रेझिस्टर आणि कपॅसिटरवर चालणारा दोलक आहे, त्यामुळे सेल उतरले किंवा उकाडा वाढला की आकडा थोडा हलतो. मूळ दोलक ६४० किलोहर्ट्झचा, आणि मेमरीचे घड्याळ त्याचा चौथा भाग.

आता स्पीकरच्या तारांवर पाहा. तिथली लहर पायऱ्या-पायऱ्यांची आहे आणि दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक पायरी पडते. म्हणजे सॅम्पलिंग ८ किलोहर्ट्झ, टेलिफोनएवढे. १६० ला ८ ने भागा. २० आले. आवाजाच्या प्रत्येक सॅम्पलसाठी घड्याळाचे बरोबर २० ठोके. हा २० कुठून आला?

याचे उत्तर आवाजाच्या गणितात आहे, म्हणून थोडे वळण घेऊ.

माणसाचा आवाज दोन गोष्टींनी बनतो : घशातला मूळ ध्वनी, आणि तो घशापासून ओठांपर्यंतच्या नळीतून जाताना होणारा बदल. मूळ ध्वनी दोन प्रकारचा. घशावर दोन बोटे ठेवून "झ्झ्झ" म्हणा, थरथर जाणवेल. मग "स्स्स" म्हणा, थरथर नाही, नुसती हवा. आपल्या व्याकरणात यांना फार पूर्वीपासून घोष आणि अघोष अशी नावे आहेत, आणि शाळेत तुम्ही ती पाठही केली असतील. चिपमध्ये नेमके हेच दोन उगम आहेत : घोष ध्वनीसाठी ठरावीक अंतराने फेकला जाणारा एक छोटा साठवलेला स्पंद, आणि अघोष ध्वनीसाठी यादृच्छिक बिटांचा खरखराट.

पुढची नळी म्हणजे फिल्टर. वेगवेगळ्या जाडीचे नळीचे तुकडे एकापुढे एक जोडले आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक सांध्यावर ध्वनीचा काही भाग परत फिरतो, काही पुढे जातो. किती परत फिरतो ते सांगणारा आकडा म्हणजे परावर्तन गुणांक. तो नेहमी -१ आणि +१ च्या मध्ये असतो. या चिपमध्ये असे १० गुणांक आहेत आणि ते लॅटिस प्रकारच्या फिल्टरमध्ये बसवले आहेत. डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगच्या तासाला लॅटिस फिल्टर फळ्यावर काढताना "सर, याचा उपयोग काय?" असा प्रश्न दरवर्षी येतो. हा त्याचा उपयोग. गुणांक थोड्या बिटांत कोंबले, पूर्णांकात बसवले, तरी ते -१ ते +१ च्या आत राहिले की फिल्टर स्थिर राहतो. साध्या डायरेक्ट फॉर्ममध्ये ही हमी नसते. एक बिट इकडचा तिकडे झाला की फिल्टर शिट्टी वाजवू लागतो.

लॅटिसच्या प्रत्येक पायरीला २ गुणाकार लागतात. १० पायऱ्यांना २०. हाच तो २०! सेकंदाला ८,००० सॅम्पल, प्रत्येकी २० गुणाकार, म्हणजे १,६०,००० गुणाकार. आणि तारेवर दिसलेली वारंवारता १६० किलोहर्ट्झ. म्हणजे चिपमध्ये २० गुणक बसवलेले नाहीत. एकच गुणक आहे, तो पाइपलाइनने चालतो आणि दर ६.२५ मायक्रोसेकंदांनी एक उत्तर बाहेर काढतो. १९७८ साली चिपवरची जागा सोन्याच्या भावाची होती. कंपनीची पेटंट्स १९८० मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत हीच रचना सविस्तर दिलेली आहे. पण पेटंट न वाचता, दोन वारंवारतांच्या भागाकारातून आपण तिथे पोचलो.

या पद्धतीला लिनिअर प्रेडिक्टिव्ह कोडिंग, थोडक्यात एलपीसी म्हणतात. तिची पायाभरणी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये फुमितादा इताकुरा आणि अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये बिष्णू अटल यांनी केली. अटल हे लखनौ विद्यापीठाचे पदवीधर. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते शिकले आणि शिकवलेही, आणि १९६१ मध्ये बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. हॅनॉवर यांच्यासह त्यांनी १९७१ मध्ये लिहिलेला शोधनिबंध आजही एम.टेक.च्या वाचनयादीत असतो. खेळण्यातली ही चिप त्या निबंधानंतर अवघ्या सात वर्षांनी आली.

माझ्या हातून झालेली चूक

इथवर सगळे छान चालले होते. मग मी घाई केली.

ही चिप पीमॉस तंत्राची आहे. आपल्या सवयीच्या सीमॉसमध्ये ग्राउंड शून्य असते आणि सप्लाय त्याच्या वर. पीमॉसमध्ये संदर्भाची रेषा सर्वांत धन असते आणि बाकीची व्होल्टेज तिच्याखाली, ऋण बाजूला जातात. हे मी वर्गात शिकवतो. तरीही बोर्डावरचा सर्वांत जाड ट्रॅक दिसला तसा तो ग्राउंड समजून लॉजिक अॅनालायझरची क्लिप मी तिथे लावली. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप आधीपासून दुसऱ्या रेषेवर होतीच. लॅपटॉप तीन पिनांच्या चार्जरवर, ऑसिलोस्कोपही तीन पिनांचा. म्हणजे दोन्ही क्लिपा भिंतीतल्या अर्थिंगमधून एकमेकींना जोडलेल्या. खेळण्याच्या दोन सप्लाय रेषा मी भिंतीतून शॉर्ट केल्या होत्या.

टच्च असा एक बारीक आवाज झाला. पडदा उजळत राहिला, १६० किलोहर्ट्झचे घड्याळही चालू राहिले, पण स्पीकर गप्प झाला. आवाजाच्या चिपचा दोलक वाचला होता, बोलणारा भाग गेला होता. बाजूला उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणीही काही बोलले नाही, आणि ते जास्त लागले. ही चिप बनणे बंद होऊन कित्येक वर्षे झाली. दुकानातून आणून बदलावी अशी ती वस्तू नाही.

तुम्ही असे करू नये म्हणून स्पष्ट लिहितो. बोर्डावरच्या सगळ्या सप्लाय रेषा आधी मल्टिमीटरने, सेलवर चालवून, वहीत नोंदवा. मल्टिमीटर अर्थिंगला जोडलेला नसतो, म्हणून पहिला हात त्याचाच. एकाहून जास्त उपकरणे लावायची असतील तर सगळ्यांच्या ग्राउंड क्लिपा एकाच बिंदूवर. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर. आणि पीमॉसचे सिग्नल ३.३ व्होल्टच्या अॅनालायझरला थेट कधीही देऊ नका. मध्ये रेझिस्टरचा विभाजक किंवा लेव्हल शिफ्टर हवाच.

मॅडमना त्याच संध्याकाळी जाऊन सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे आता ते काहीच बोलणार नाही?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा आमचा पुढचा प्रकल्प झाला. बोलणारी चिप गेली होती, पण शब्द तिच्यात नव्हतेच. ते जुळ्या मेमरीत होते.

मेमरी वाचणे

दोन्ही मेमरी सोल्डर पंपाने सावकाश काढून ब्रेडबोर्डवर लावल्या. लेव्हल शिफ्टरमधून त्यांना एक साधा मायक्रोकंट्रोलर जोडला. मेमरीला चार पत्त्याच्या तारा आहेत आणि दोन हुकमाच्या, एम ० आणि एम १. घड्याळ अखंड चालू ठेवावे लागते. पत्त्याच्या तारांवर चार बिट मांडायचे आणि एम १ वर एक स्पंद द्यायचा. असे पाच वेळा केले की २० बिट आत जातात. त्यांतले १४ बिट चिपमधला पत्ता, ४ बिट कोणत्या चिपशी बोलायचे ते, आणि २ वाया. प्रत्येक चिपचा चार बिटांचा ओळखक्रमांक कारखान्यातच तिच्यात कोरलेला असतो, म्हणून तर दोघी एकाच तारांवर सुखाने नांदतात. पत्ता दिल्यावर एम ० चा एक स्पंद रिकामा जातो. त्यानंतर प्रत्येक स्पंदाला एक बिट बाहेर पडतो आणि पत्ता आपोआप पुढे सरकतो.

एका चिपमध्ये १६,३८४ बाइट, म्हणजे १,३१,०७२ स्पंद. प्रत्येक चिप तीन वेळा वाचली आणि तिन्ही फाइली बिट-बिट ताडून पाहिल्या. पहिल्या दिवशी त्या जुळल्या नाहीत, ब्रेडबोर्डचा एक सांधा सैल होता. एकदाच वाचून समाधान मानले असते तर ती चूक आम्हाला पुढे आठवडाभर छळत राहिली असती.

आता हिशेब करा. दोन्ही मिळून ३२ किलोबाइट, म्हणजे २,६२,१४४ बिट. आवाज ८ बिट आणि ८ किलोहर्ट्झने साधा साठवला तर सेकंदाला ६४,००० बिट लागतात. एवढ्या मेमरीत फक्त ४.१ सेकंद मावतील. खेळणे तर दोनशेहून जास्त शब्द बोलते. मग ते मावले कसे?

चिप दर २५ मिलिसेकंदांनी एक चौकट घेते, म्हणजे सेकंदाला ४०. पूर्ण घोष चौकटीत जोरासाठी ४ बिट, 'पुन्हा तेच' सांगणारा १ बिट, स्वराच्या उंचीसाठी ५ बिट, आणि मग दहा गुणांक : पहिल्या दोघांना ५-५ बिट, पुढच्या पाचांना ४-४, शेवटच्या तिघांना ३-३. एकूण ४९. पहिल्या गुणांकांचा परिणाम कानाला जास्त जाणवतो, म्हणून त्यांना जास्त बिट. स्वराची उंची शून्य असेल तर चौकट अघोष, आणि मग फक्त पहिले चार गुणांक येतात : २८ बिट. 'पुन्हा तेच'चा बिट १ असेल तर गुणांक येतच नाहीत, जुनेच वापरायचे : १० बिट. जोर ० असेल तर शांतता, जोर १५ असेल तर शब्द संपला : प्रत्येकी ४ बिट.

पाऊण सेकंदाचा एक काल्पनिक शब्द घ्या, ३० चौकटींचा. १२ घोष, ८ पुन्हा तेच, ६ अघोष, ३ शांत आणि १ शेवटची. ५८८ + ८० + १६८ + १२ + ४ = ८५२ बिट. म्हणजे १०७ बाइट. साध्या पद्धतीने याच शब्दाला ६,००० बाइट लागले असते. या दराने ३२ किलोबाइटमध्ये पावणेचार मिनिटांहून थोडे जास्त बोलणे बसते. त्यातली काही जागा शब्दांच्या स्पेलिंगला आणि पत्त्यांच्या यादीला जाते. दोन चौकटींच्या मध्ये चिप स्वतः ८ पायऱ्यांत आकडे हळूहळू बदलते, म्हणून आवाज दर २५ मिलिसेकंदांनी धक्के देत नाही.

इथे दोन सापळे आहेत आणि आम्ही दोन्हींत पडलो.

पहिला, बिटांचा क्रम. प्रत्येक बाइटमधला सर्वांत कमी किमतीचा बिट मेमरीतून आधी बाहेर पडतो. पण चौकटीतला प्रत्येक आकडा सर्वांत जास्त किमतीच्या बिटापासून सुरू होतो. फाइलमधले बाइट नेहमीच्या पद्धतीने डावीकडून वाचले तर सगळे उलटे-पालटे होते. आम्हाला प्रथम मिळाला तो पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज.

दुसरा सापळा जास्त शिकवणारा आहे. मेमरीतला ५ बिटांचा आकडा हा गुणांक नव्हे. तो ३२ ओळींच्या एका कोष्टकातला क्रमांक आहे, आणि ते कोष्टक मेमरीत नाही, आवाजाच्या चिपच्या आत आहे, म्हणजे आमच्या मेलेल्या चिपमध्ये. फाइल संपूर्ण हाती असूनही अर्थ लावायची किल्ली दुसरीकडे असते, हे रिव्हर्स इंजिनिअरिंगमध्ये वारंवार घडते. ही कोष्टके दोन ठिकाणांहून मिळतात : कंपनीच्या पेटंटमधून, आणि चिपचे आवरण काढून सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेल्या छायाचित्रांतून. जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या 'मेम' या मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवकांनी अशी कामे वर्षानुवर्षे केली आहेत आणि त्यांचा सोर्स कोड कोणीही वाचू शकतो. आम्ही आधी चुकून टीएमएस ५२२० या धाकट्या भावंडाचे कोष्टक लावले. तिच्यात स्वराच्या उंचीला ५ ऐवजी ६ बिट असतात, त्यामुळे पहिल्याच घोष चौकटीनंतर सगळे एक बिट सरकले.

कंट्रोलरच्या आतला प्रोग्रॅम मात्र आम्ही वाचला नाही. तो चिपमध्येच कोरलेला असतो आणि पायांवरून सहजी बाहेर येत नाही. या घराण्याची एक गंमत सांगतो. टीएमएस १००० मध्ये, म्हणजे 'सायमन' आणि 'बिग ट्रॅक' या खेळण्यांत असलेल्या चिपमध्ये, प्रोग्रॅम काउंटर १, २, ३ असा मोजतच नाही. हेक्समध्ये त्याचा क्रम ००, ०१, ०३, ०७, ०एफ, १एफ, ३एफ, ३ई, ३डी असा जातो. तो काउंटर नसून फीडबॅक असलेला शिफ्ट रजिस्टर आहे, कारण त्याला बेरजेच्या सर्किटपेक्षा कमी जागा लागते. छायाचित्रातून बिट बरोबर वाचले तरी हे माहीत नसेल तर प्रोग्रॅमचा काहीच अर्थ लागत नाही.

कायद्याबद्दल दोन वाक्ये, कारण प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. प्रोग्रॅम कसा चालतो हे समजून घेण्यासाठी त्याचे निरीक्षण, अभ्यास वा चाचणी करायला भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ मुभा देते, आणि चिपच्या आराखड्याची शास्त्रीय विश्लेषणासाठी, संशोधनासाठी वा शिकवण्यासाठी नक्कल करायला २००० च्या सेमीकंडक्टर इंटिग्रेटेड सर्किट्स लेआउट-डिझाइन कायद्याचे कलम १८ सवलत देते. याचा अर्थ वाचलेली फाइल इंटरनेटवर वाटावी असा नाही. आमची प्रत विभागाच्या कपाटातच आहे.

पहिला शब्द

क्रम दुरुस्त झाला, योग्य कोष्टक बसले, आणि दीडशे ओळींचा पायथन प्रोग्रॅम तयार झाला. तपासणीसाठी आम्ही 'स्पेल' हा शब्द निवडला, कारण खेळणे प्रत्येक प्रश्नाच्या आधी तो म्हणते आणि त्याची घडण ओळखू येते. सुरुवातीचा 'स' अघोष, म्हणून पहिल्या चौकटींत स्वराची उंची शून्य हवी. 'प'च्या वेळी ओठ बंद, म्हणून क्षणभर शांतता किंवा अगदी कमी जोर हवा. मग 'ए' आणि 'ल' घोष. चौकटींची यादी कागदावर छापली तर ती तशीच निघाली : अघोष, शांत, मग घोषांची रांग, शेवटी जोर १५. ऐकण्याआधीच कळले की यावेळी चुकलेलो नाही.

मॅडमना प्रयोगशाळेत बोलावले. लॅपटॉपच्या स्पीकरमधून तो जरा नाकातला, करारी पुरुषी आवाज आला. त्यांनी तो तीन वेळा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "थोडा चिरका वाटतो. आमचा याहून जाड होता."

त्या बरोबर होत्या. आम्ही प्रोग्रॅममध्ये बरोबर ८,००० सॅम्पल धरले होते. पण चिप बिघडण्याआधी वहीत नोंदवलेले घड्याळ १६० नव्हते, १५३ किलोहर्ट्झ होते. त्या खेळण्याचा दोलक जन्मापासून किंवा वयामुळे थोडा मंद होता. १५३ भागिले २०, म्हणजे सेकंदाला ७,६५० सॅम्पल. प्रोग्रॅममध्ये तो एकच आकडा बदलला आणि पुन्हा लावला.

"हां," त्या म्हणाल्या, "हा."

मेमरी परत बोर्डावर बसवल्या आहेत आणि खेळणे त्यांच्या घरी गेले आहे. जुन्या बाजारात मोडक्या पडद्याचा पण चांगल्या आवाजाचा दुसरा नमुना मिळाला तर त्यातली ०२८१ काढून यात बसवायची, असे ठरले आहे. त्यावेळी ऑसिलोस्कोप विद्यार्थी लावतील.